येरवड्याची दगडी वास्तू

टिळकवाडीतून हिंडणाऱ्याच्या एक गोष्ट सहज ध्यानात येते. येथील महाविद्यालयांच्या दारांवर दात्यांची नावे आहेत. कायद्याचे महाविद्यालय राजा लखमगौडा यांच्या नावाचे आहे. ते कर्नाटक लॉ सोसायटीने १९३९ मध्ये काढले. साउथ कोकण एज्युकेशन सोसायटीचे १९४५ मधले महाविद्यालय राणी पार्वतीदेवींच्या नावाने ओळखले जाते. विद्येसाठी कोणी द्रव्य द्यावे आणि संस्थेने त्याचे नाव कपाळी धारण करावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि ती काही वाईट नाही. परंतु ज्यांच्या नावाने ही वाडी ओळखली जाते ते लोकमान्य स्वतः ज्या महाविद्यालयात शिकले, त्याच्या नावात दात्याचा मागमूसही नाही. पुण्यापलीकडील येरवड्याचे डेक्कन कॉलेज ते हेच. तेथे एक लाख रुपयांची देणगी पडली होती, आणि पुढे सत्तर वर्षांनी सरकारने कॉलेजला टाळे लावावयाचे ठरविले तेव्हा ही विसरलेली देणगीच त्याच्या कामी आली. म्हणून या विद्यापीठाचा इतिहास त्याच्या इमारतीपासून वेगळा काढता येत नाही.

आरंभ मात्र त्या इमारतीत झाला नाही. तो झाला पुण्यातील विश्रामबाग वाड्यात, ६ ऑक्टोबर १८२१ रोजी. पेशवाई बुडून तीन वर्षे झाली होती. श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा पेशव्यांनी मोठ्या प्रमाणावर चालविली होती, आणि तो खर्च एकाएकी बंद केला तर शहरात असंतोष माजेल हे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनसारख्या धोरणी माणसाने ओळखले. त्याच्या मनातील योजना अशी, की दक्षिणेच्या द्रव्यातला काही भाग पाठशाळेकडे वळवावा. दख्खनचे कमिशनर चॅप्लिन यांच्या हातून ती अमलात आली. वेद, व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र, ज्योतिष, वैद्यक अशा शाखा तेथे होत्या. शिकविणारे शास्त्री पुण्यातलेच होते आणि शिकणारे सर्व ब्राह्मण होते. नव्या राजवटीने जुन्या विद्येला दिलेला हा आधार होता, यात संशय नाही. मात्र त्यामागे विद्येच्या प्रेमाइतकीच लोकांचे मन राखण्याची निकडही होती, हेही नाकारण्याचे कारण नाही.

ही पाठशाळा ज्या वाड्यात बसली तो दुसऱ्या बाजीरावाने मोठ्या हौसेने बांधविला होता. रस्त्याच्या बाजूस कोरीव लाकडी सज्जे, सुरूच्या झाडाच्या घाटाचे सागवानी खांब, आत चौकामागून चौक. विलासासाठी बांधलेल्या या वास्तूत शास्त्रार्थ सुरू व्हावा, हा काळाचा एक विनोदच म्हटला पाहिजे. पण चौकाभोवतीच्या ओसऱ्या, त्यात निरनिराळ्या शास्त्र्यांच्या बैठका आणि मधून येणारा उजेड, ही मांडणी पाठशाळेला अडचणीची खासच वाटली नसेल.

पुढील तीस वर्षांत या पाठशाळेचे रूप हळूहळू पालटत गेले. काही शाखा बंद झाल्या. इंग्रजीचा प्रवेश झाला. मराठी कोशकार्यात मोल्सवर्थसाहेबांना साहाय्य करणारे मेजर थॉमस कँडी यांच्याकडे तिची सूत्रे आली. कँडींनी शालेय मराठी गद्याला जे वळण लावले त्याबद्दल आजही मतभेद होऊ शकतील, पण त्यांच्या काळात एक मोठी गोष्ट घडली. १८५१ मध्ये संस्कृत पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून 'पूना कॉलेज' निर्माण झाले आणि त्याची दारे सर्व जातींच्या विद्यार्थ्यांना उघडली. दक्षिणेच्या पैशातून निघालेल्या संस्थेचे हे दार उघडण्यास तीस वर्षे लागली. याच पुण्यात त्याच सुमारास जोतीराव फुले मुलींच्या शाळा चालवीत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या वर्षाचे महत्त्व अधिक कळते. पुढे बुद्धचरित्रावरील इंग्रजी काव्याने जगभर गाजलेले एडविन आर्नोल्ड हेही १८५७ नंतरची काही वर्षे या कॉलेजचे प्राचार्य होते.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाल्यावर पदवीचे शिक्षण देणाऱ्या संस्थेला वाड्याची जागा पुरेना. अशा वेळी १८६३ मध्ये सर जमशेटजी जिजीभाई यांनी एक लाख रुपये देऊ केले. सरकारनेही आपला वाटा घालून कॉलेजला साजेशी कायमची इमारत बांधावी, असा त्या देणगीचा हेतू होता. येथे एका नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. व्यापारात अगणित द्रव्य मिळवून ते सढळ हाताने वाटणारे आणि मुंबईच्या रुग्णालयाला नाव देणारे पहिले सर जमशेटजी १८५९ मध्येच निवर्तले होते. बॅरोनेट ही पदवी ज्याच्याकडे जाईल त्याने मूळ पुरुषाचेच नाव धारण करावे असा त्या घराण्यासाठी कायदा झाला होता, म्हणून देणगी देणारे हे दुसरे सर जमशेटजी. पुणेकरांवर या घराण्याचे पहिले ऋण आधीच होते. मुळा-मुठेवर १८५० मध्ये बांधलेल्या बंधाऱ्याच्या खर्चाचा मोठा भाग पहिल्या जमशेटजींनी दिला होता. तो बंधारा आणि नवे कॉलेज यांच्यामध्ये फार अंतर नाही. बापाने नदीला बांध घातला आणि मुलाने तिच्या पलीकडच्या माळावर विद्येचे घर उभारण्यास द्रव्य दिले.

१५ ऑक्टोबर १८६४ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि संस्थेला 'डेक्कन कॉलेज' हे नाव मिळाले. २३ मार्च १८६८ रोजी कॉलेज नव्या वास्तूत आले.

इमारतीचा आराखडा कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी इंजिनियराने केला. या गृहस्थाच्या हाताला त्या दशकात उसंत म्हणून नव्हती. पुण्याचे ससून रुग्णालय आणि लाल विटांचे ज्यू सभास्थान, मुंबईचे जुने सचिवालय, ही सारी त्यांचीच रचना. मध्येच ते ॲबिसीनियाच्या मोहिमेवरही जाऊन आले. शैली गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातील. ज्यांनी बेळगावच्या कॅम्पातील सेंट मेरीज चर्च पाहिले आहे त्यांना ही शैली निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. वर निमुळत्या होत गेलेल्या अणकुचीदार कमानी, उभट खिडक्या, चढणीची छपरे आणि उंचीकडे ओढ घेणारी एकंदर बांधणी, हे तिचे विशेष. बेळगावचे ते चर्च आणि हे कॉलेज एकाच दशकातली आहेत. मुंबईच्या मैदानाकाठी विद्यापीठाचा राजाबाई मनोरा पुरा झाला तो १८७८ मध्ये. म्हणजे मुंबईची जी गॉथिक इमारतींची रांग आज जगात वाखाणली जाते, तिच्यातील अनेक वास्तूंच्या आधी येरवड्याच्या माळावर ही वास्तू उभी होती.

मध्यभागी दुमजली मुख्य भाग आणि दोन्ही टोकांना त्याला काटकोनात जोडलेल्या दोन लांब बाजू, अशी तिची आखणी आहे. त्यामुळे तिन्ही बाजूंनी बंद आणि चौथ्या बाजूस मोकळे असे एक प्रशस्त अंगण तयार होते. मुख्य भागाच्या तळमजल्यावर वर्ग. माडीवर उंच छताचे एक मोठे दालन. सभागृह तेच आणि ग्रंथालयही तेच. दोन्ही बाजूंच्या लांब पाख्यांत विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या खोल्या. अंगणाकडील बाजूस खाली आणि वर कमानींचे सलग ओवरीवजा सोपे. कोपऱ्यावर शंभर फुटांच्या घरात जाणारा मनोरा असून त्याच्याखालून प्रवेश होतो. सारे बांधकाम दख्खनच्या करड्या-काळ्या पाषाणाचे आहे. याच पाषाणात अजिंठ्याची लेणी कोरली गेली आणि सह्याद्रीवरील गडांचे तट चढले. रेखाटन विलायती खरे, पण दगड येथला होता आणि तो घडविणारे पाथरवट व रचणारे गवंडीही येथलेच होते.

परकी शैली परक्या हवेत आणून बसविली, हा आक्षेप या इमारतीवर घेता येण्याजोगा आहे. बर्फ घसरून पडावे म्हणून ज्या देशात छपरे उभी करतात, तेथला तो नमुना. परंतु पुण्याच्या माळावर ज्येष्ठातील ऊन आणि आषाढातील झड दोन्ही सोसावी लागतात, आणि दोन्हींना ही इमारत पुरी पडते. चढणीच्या छपरावरून पाऊस झपाट्याने ओघळतो. जाड दगडी भिंती उन्हाला आत येऊ देत नाहीत. कमानींच्या सोप्यांत भर दुपारीही सावली असते. आणि अंगणाभोवती ओवऱ्या, ओवरीला लागून खोल्या, ही रचना नीट पाहिली तर ती विश्रामबाग वाड्याच्या चौकाहून फार दूरची वाटत नाही. विल्किन्ससाहेबांच्या मनात ऑक्सफर्ड असेल. पण पुण्याच्या वाड्यातून आलेल्या मुलाला तेथे अगदीच परके वाटण्याचे कारण नव्हते.

या खोल्यांचे महत्त्व वर्गांपेक्षा कमी मानता येणार नाही. शहरापासून दूर, नदीपलीकडे, शिक्षक आणि विद्यार्थी यांनी एकाच आवारात राहावे, अशी ही योजना होती. गावातील भिक्षुकी, घरातील सोवळे-ओवळे, नातलगांची वर्दळ यांच्यापासून तुटलेला तरुण येथे प्रथमच स्वतःच्या खोलीत स्वतःच्या मताने वागू लागला. टिळक १८७३ मध्ये येथे दाखल झाले. पहिले वर्ष त्यांनी अभ्यास बाजूस ठेवून शरीर कमावण्यात घालविले, हे सर्वश्रुत आहे. आवारातील मोकळे मैदान आणि जवळच असलेली नदी त्या निश्चयाला उपयोगी पडली असणार. गणितात त्यांना लाभलेले गुरू म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे. आगरकर त्यानंतर आले, अत्यंत दारिद्र्यातून आले. १८७९ च्या सुमारास टिळक कायद्याचा आणि आगरकर एम.ए.चा अभ्यास करीत असता दोघांच्या रात्ररात्र चर्चा चालत, आणि सरकारी नोकरी न करता लोकशिक्षणास वाहून घेण्याचा निर्धार तेथेच झाला. टिळकांची खोली कॉलेजने स्मारक म्हणून जपून ठेवली आहे.

सरकारी कॉलेजच्या खोलीत खासगी शिक्षणसंस्थांचा जन्म व्हावा, हे बांधणाऱ्यांच्या मनात कदापि नसेल. याच कॉलेजचे पूर्वीचे विद्यार्थी विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यासह १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघाले. त्यातून १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले. मूळ झाडाचे बी दुसऱ्या वाफ्यात पडून तेथे जोमाने वाढले, आणि काही काळाने त्याचीच सावली मूळ झाडावर पडली.

दुसरी परंपरा पांडित्याची. जर्मन पंडित फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ पासून सुमारे पंधरा वर्षे येथे प्राच्य भाषांचे प्राध्यापक होते. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती आजही प्रमाण मानतात. युरोपीय चिकित्सापद्धती त्यांनी बरोबर आणली खरी. पण व्याकरणातील खाचाखोचा त्यांनी पुण्याच्या जुन्या शास्त्र्यांजवळ बसूनच आत्मसात केल्या. १८२१ च्या पाठशाळेचा धागा अशा रीतीने तुटला नाही. त्यांच्यामागून रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या जागी आले. इतिहासाचार्य राजवाडे, सेनापती बापट हेही येथलेच विद्यार्थी.

बेळगावकरांना या नामावळीतील आणखी एक नाव जवळचे वाटेल. जमखंडीत १८८६ मध्ये जन्मलेले रामचंद्र दत्तात्रेय रानडे, म्हणजे गुरुदेव रानडे, याच कॉलेजात शिकले. टिळकवाडीला लागून असलेल्या हिंदवाडीतील गुरुदेव रानडे मंदिरात तत्त्वज्ञान व धर्म यांच्या तौलनिक अभ्यासाची त्यांची संस्था आहे. स्वतः टिळक १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावास आले आणि होमरूल लीगची स्थापना येथेच झाली. येरवड्याच्या खोलीत सुरू झालेले संभाषण चाळीस वर्षांच्या आत या गावापर्यंत असे येऊन पोहोचले होते.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत मुंबई सरकारने काटकसरीची कात्री हाती घेतली आणि ती डेक्कन कॉलेजवर चालली. पुण्यात तोवर फर्ग्युसन होते, १९१६ मध्ये निघालेले न्यू पूना कॉलेज, म्हणजे पुढचे सर परशुरामभाऊ कॉलेज, होते. पदवी घेणाऱ्या मुलांची सोय दुसरीकडे होत होती. मग नदीपलीकडील या जुन्या संस्थेवर सरकारने खर्च का करावा? हिशेबाच्या वहीत या प्रश्नाला उत्तर नव्हते. १९३४ मध्ये कॉलेज बंद करण्यात आले. एकशे तेरा वर्षे चाललेली शिक्षणसंस्था एका आर्थिक निर्णयाने थांबली.

सरकारने काढलेली संस्था सरकारने बंद केली, यात कोणाला काय बोलता येणार? माजी विद्यार्थ्यांनी हे मुकाट्याने मान्य केले नाही. त्यांनी जुने कागद काढले. त्या कागदांत १८६३ ची देणगी होती. एका खासगी गृहस्थाने कॉलेजसाठी द्रव्य दिले, सरकारने ते त्या हेतूने स्वीकारले आणि त्यातून इमारत उभी राहिली. तेव्हा सरकार या वास्तूचे निखळ मालक नसून एका अर्थी विश्वस्त आहे. विश्वस्ताने मूळ हेतूच मोडून टाकावा, हे त्याला शोभत नाही आणि कायद्यातही बसत नाही, असा त्यांचा पक्ष होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि हा लढा माजी विद्यार्थ्यांच्या बाजूने फळास आला. मध्यंतरी १९३७ मध्ये प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले होते आणि वारेही बदलले होते.

या वादात इमारतीचे दगडी असणे ही गोष्ट दिसते तेवढी क्षुल्लक नाही. ही देणगी शिष्यवृत्त्यांत किंवा पगारांत खर्च झाली असती तर सत्तर वर्षांनी तिची खूण कोठे दाखविणार होते? वर्ग बंद करता येतात, प्राध्यापकांच्या बदल्या करता येतात, परंतु मनोऱ्यासह एक अखंड वास्तू डोळ्यांसमोर उभी असता तिच्यासाठी कोणी काही दिलेच नव्हते असे म्हणता येत नाही.

१७ ऑगस्ट १९३९ रोजी डेक्कन कॉलेज पुन्हा उघडले. ते पूर्वीचे कॉलेज मात्र नव्हते. पदवीचे वर्ग पुन्हा भरविण्याऐवजी ते पदव्युत्तर अध्ययन आणि संशोधन यांचे केंद्र करण्यात आले. टिळकवाडीतील कायद्याचे महाविद्यालयही त्याच वर्षीचे, हा निव्वळ योगायोग. हा बदल म्हणजे तडजोड होती. तिने शिकणाऱ्यांची संख्या घटली हे खरे. पण लाभ काय झाला हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. पहिले संचालक इराच तारापोरवाला, त्यांच्यामागून १९४२ पासून सुमित्र मंगेश कत्रे. पुरातत्त्वात हसमुख धीरजलाल सांकळिया, मानवशास्त्रात इरावती कर्वे, मराठ्यांच्या इतिहासात त्र्यंबक शंकर शेजवलकर. एवढी माणसे एका आवारात एका काळी वावरत होती.

सांकळियांनी तर महाराष्ट्राच्या इतिहासाचा आरंभच मागे रेटला. तोवर सातवाहनांपलीकडे फारसे ठाऊक नव्हते. जोर्वे, नेवासे आणि पुढे इनामगाव येथील उत्खननांनी तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, मडकी आणि धान्ये उजेडात आणली. निपाणीकरांच्या शेजारचे, कोल्हापूरचे ब्रह्मपुरीचे टेकाड याच संस्थेने १९४५-४६ मध्ये खणले. पंचगंगेच्या काठी सातवाहनकालीन भरभराटीची वसाहत होती, हे त्यातून स्पष्ट झाले.

आवारात नंतर पुष्कळ बांधकामे झाली. पुरातत्त्व, भाषाशास्त्र, ग्रंथालय यांना निराळ्या इमारती मिळाल्या. त्या उपयुक्त आहेत, पण त्यांचे वर्णन करण्याजोगे काही नाही, आणि जुन्या वास्तूशी त्यांनी बोलण्याचा प्रयत्नही केलेला दिसत नाही. शंभराहून अधिक एकरांच्या त्या परिसरातली जुनी झाडे मात्र हा विसंवाद बराचसा झाकून टाकतात. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर ही संस्था त्याच्याशी जोडली गेली. १९९० मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि १८२१ ची पाठशाळा स्वतःच विद्यापीठ झाली.

कत्रे यांनी १९४८ मध्ये येथे एक काम सुरू केले. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या सुमारे पंधराशे संस्कृत ग्रंथांतून प्रत्येक शब्दाचे प्रयोग टिपून घ्यावयाचे आणि त्याचा अर्थ कालानुक्रमे कसकसा बदलत गेला हे दाखविणारा कोश सिद्ध करावयाचा, असा तो संकल्प. हाताने लिहिलेली टिपणपत्रे लाखोंनी जमली आणि ती तेथे जपून ठेवलेली आहेत. छापील पहिला भाग अमृत माधव घाटगे यांच्या संपादनाखाली १९७६ मध्ये बाहेर पडला. त्यानंतर तीसांहून अधिक खंड निघाले. ते सारे 'अ' या एकाच आद्याक्षराचे आहेत, आणि काम चालू आहे.